दोन शक्तींची गाडी आणि तिची हिशेबवही

खर्च वांचविणारें यंत्र विकत घेतलें कीं खर्च आपोआप वांचतो, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज कितपत खरा, हें पाहण्यास प्लग-इन हायब्रिड मोटारगाडीचें उदाहरण फार चांगलें आहे.

ह्या गाडींत विजेची मोटर व पेट्रोलचें इंजिन अशा दोन शक्ति एकत्र नांदतात. साध्या हायब्रिड गाडीची बॅटरी गाडी चालत असतांनाच, इंजिनाच्या व ब्रेकच्या योगानें भरते. प्लग-इन गाडीची बॅटरी घरच्या विजेवरही भरतां येते. रात्रीं तार जोडून ठेवावी, सकाळीं विजेवर निघावें, आणि वीज संपली तर पेट्रोलवर पुढें जावें, अशी ही सोय आहे.

उदाहरणादाखल आम्ही अमेरिकेंतील शेव्हरोले व्होल्ट ही गाडी घेतों. ती २०१० च्या अखेरीस विक्रीस आली व २०१९ मध्यें तिचें उत्पादन बंद झालें. तिच्या पहिल्या नमुन्याविषयीं तेथील सरकारी पर्यावरण खात्याचे आंकडे असे: भरलेल्या बॅटरीवर ३५ मैल, १०० मैलांस ३६ युनिट वीज, आणि पुढें पेट्रोलच्या एका गॅलनांत ३७ मैल. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलांत असतें तेंच. अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारें ३.७९ लिटर.

आतां समजा, दोन शेजाऱ्यांपाशीं अशी एकेक गाडी आहे व दोघेही महिन्यास १००० मैल फिरतात. हिशेबाकरितां पेट्रोल गॅलनास ३.५० डॉलर व वीज युनिटास १५ सेंट धरूं. पहिला रोज रात्रीं तार जोडतो. त्याचे ८०० मैल विजेवर व २०० पेट्रोलवर होतात. वीज २८८ युनिट, तिचे ४३.२० डॉलर, पेट्रोल ५.४ गॅलन, त्याचे १८.९० डॉलर, एकूण ६२.१०. दुसरा आळसामुळें तार जोडीतच नाहीं. त्यास २७ गॅलन पेट्रोल, म्हणजे ९४.५० डॉलर लागतात. गाडी तीच, रस्ता तोच. अंतर काय तें संवयीचें!

परंतु पहिल्या गृहस्थानेंही फुशारकी मारूं नये. त्यानें १००० मैलांस ५.४ गॅलननीं भागिलें, तर ‘गॅलनांत १८५ मैल’ असें विलक्षण उत्तर येतें. त्यांत २८८ युनिट वीज कोठेंच दिसत नाहीं. ती जणूं फुकट मिळाली! आणि विजेचा दर ३० सेंट असता तर? त्याच विजेचे ८६.४० डॉलर व एकूण खर्च १०५.३० डॉलर, म्हणजे आळशी शेजाऱ्याहूनही अधिक झाला असता.

ह्यांतून एक सोपा नियम निघतो. ३७ मैलांस एक गॅलन पेट्रोल लागतें, किंवा सुमारें १३.३ युनिट वीज. म्हणून गॅलनाच्या किमतीस १३.३ नें भागावें. येणाऱ्या आंकड्याहून युनिटाचा दर कमी असेल, तरच वीज स्वस्त. वरील उदाहरणांत हा आंकडा सुमारें २६ सेंट येतो.

हा प्रश्न एका घरापुरताच नाहीं. युरोपियन कमिशननें २०२१ सालीं नोंदल्या गेलेल्या गाड्यांच्या प्रत्यक्ष इंधनखर्चाचा अहवाल २०२४ मध्यें प्रसिद्ध केला. प्लग-इन हायब्रिड गाड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेंतील आंकड्यांच्या सरासरीनें साडेतीनपट भरला. अपेक्षेइतक्या वेळां लोक तार जोडीत नव्हते, हें त्याचें मुख्य कारण.

हिशेबाची रीति अवघड नाहीं. प्रत्येक वेळीं टांकी पूर्ण भरून मैल, गॅलन व दाम टिपून ठेवावे. विजेचें माप भिंतीपाशीं निराळा मीटर लावून घ्यावें. कारण बॅटरी भरतांना कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते, आणि बिल मात्र सगळ्या विजेचें येतें. थंडींत बॅटरीवरचें अंतर घटतें, म्हणून एका महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधूं नये. गाडीची किंमत व विमा निराळे मांडावे.

विद्यार्थिमित्रांनीं आपल्या घरच्या वाहनाचा, मग ती स्कूटर कां असेना, तीन महिने असा हिशेब ठेवून पाहावा. आणि वडील मंडळींनीं तो आठवड्यांतून एकदां तरी त्यांच्याजवळ बसून तपासावा, अशी आमची विनंति आहे.