चोपचिनीचें संस्कृत नांव

चोपचिनी हें प्राचीन आयुर्वेदीय औषध होय, असें कित्येक वैद्य समजतात, व भावप्रकाशांतील ‘द्वीपान्तरवचा’ हें नांव पुराव्यादाखल पुढें करितात. आमच्या मतें तें नांवच उलट साक्ष देतें. द्वीपान्तर म्हणजे समुद्रापलीकडील भूमि. वचा म्हणजे वेखंड. कफावर व पोटदुखीवर तें घरोघर असे, म्हणून परक्या मुळास त्याचें नांव मिळालें इतकेंच. वनस्पति अगदीं भिन्न आहेत. चरक-सुश्रुतांत हें मूळ नाहीं. सोळाव्या शतकांतील भावमिश्र तें मलावरोध, पोटफुगी व शूळ यांवर सांगतो. पण विशेषेंकरून फिरंगरोगावर, आणि त्या रोगाचें नांवच फिरंग्यांचें! फारसी ‘चोब-इ-चीनी’ म्हणजे तर उघड उघड चीनचें लाकूड.

फिरंग्यांस वसई इ. स. १५३४ त मिळाली. त्याच वर्षीं गोव्यास उतरलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ त तेथेंच छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत ‘चीनचें मूळ’ म्हणून याचा स्वतंत्र विचार केला आहे. तेव्हां श्लोकांत बसलें म्हणून औषध जुनें ठरत नाहीं. वसईच्या जकातीचे जुने कागद ज्यांच्या हातीं येतील, त्यांनीं औषधी जिनसांच्या नोंदी निरुपयोगी म्हणून वगळूं नयेत, एवढी आमची विनंति आहे.