ढीग किती लावायचे?

बीड जिल्ह्याचे तालुके 11. आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंतच्या शेतकऱ्यांनी ‘ई-पीक पाहणी’त नोंदवलेला पेरा घ्या आणि विचारा, कोणत्या तालुक्यात सोयाबीन किती हेक्टर? डेटाबेसला लाखो नोंदी चाळाव्या लागतील, पण मेमरी लागेल चिमूटभर. इंजिन नोंदी साठवत बसत नाही. तालुक्यागणिक एक कप्पा उघडते, आलेल्या नोंदीचे क्षेत्र त्यातल्या बेरजेत मिळवते आणि नोंद सोडून देते. एका कप्प्याला 100 बाइट धरले तरी 11 कप्पे दीड हजार बाइटांच्या आत बसतात. आता त्याच नोंदींवर प्रत्येक खातेदाराचे एकूण क्षेत्र मागा. खातेदार 10 लाख धरले, तर मेमरी लागेल सुमारे 100 एमबी. नोंदी तेवढ्याच, बेरीजही तीच. वाढले ते ढीग, म्हणजेच कप्पे. म्हणून डेटा किती मोठा, यापेक्षा ढीग किती पडणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

अडचण अशी, की ढीग किती पडतील हे इंजिनाला आधी कळत नाही. नमुन्यावरून ते अंदाज बांधते आणि तो चुकतो. पोस्टग्रेस या मोफत, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये 2020च्या आधी चुकीची किंमत जबर होती: एकदा कप्प्यांची पद्धत निवडली, की नेमून दिलेली मर्यादा ओलांडूनही मेमरी वाढतच जाई. मर्यादा तरी केवढी, न बदलल्यास 4 एमबी! सर्व्हरची मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रक्रिया मारून टाकी, आणि शेजारी निमूटपणे चाललेली कामेही तुटत. 2020च्या 13व्या आवृत्तीने यावर उपाय आणला. मर्यादा भरली, की उघडलेल्या कप्प्यांत भर पडत राहते, मात्र नव्या खातेदारांच्या नोंदी डिस्कवरच्या फाइलींत टाकल्या जातात. एका खात्याच्या नोंदी एकाच फाइलीत पडतात, म्हणून पुढे एकेक फाइल उघडून हिशेब केला तरी बेरीज फुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मेमरी स्वस्त झाली आहे, वाढवा की! पण ही मर्यादा अख्ख्या सर्व्हरची नसते. ती प्रत्येक प्रश्नातल्या प्रत्येक टप्प्याला वेगळी लागू होते. असे 50 प्रश्न एकदम आले, तर 100 एमबीचे 5 जीबी होतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डिस्क संथ. खरेच, पूर्वी मर्यादा मोडून झटपट उरकणारी काही कामे 13व्या आवृत्तीत रेंगाळू लागली. म्हणूनच कप्प्यांना जास्त जागा देणारा गुणक त्याच आवृत्तीत ठेवला गेला आणि 2022च्या 15व्या आवृत्तीत तो 1वरून 2 झाला. तरी उशिरा येणारे उत्तर सर्व्हर कोसळण्यापेक्षा बरे, हे माझे मत त्याने बदलत नाही.

ढीग थोडे म्हणजे निश्चिंत, असेही नाही. ‘प्रत्येक तालुक्यात वेगवेगळे खातेदार किती?’ या प्रश्नाला कप्पे 11च, पण एकच खातेदार दोनदा मोजला जाऊ नये म्हणून कप्प्याला सगळे खाते क्रमांक लक्षात ठेवावे लागतात. इथे ‘हायपरलॉगलॉग’सारखी युक्ती कामी येते: काही केबी जागेत ती एखाद-दोन टक्क्यांच्या फरकाने संख्या सांगते. बैठकीतल्या तक्त्याला तेवढे पुरे. पीकविम्याचे लाभार्थी मोजताना मात्र असा अंदाज कोणी चालवून घेणार नाही. तिथे डिस्कवर फाइलींचा ढीग पडला तर पडू द्यावा.