आज्ञावली तीच, लायब्ररी वेगळी

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या देवघेवीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. घरच्या नव्या संगणकावर तो बिनतक्रार चालला. वाचनालयातल्या जुन्या संगणकावर मात्र पडद्यावर एकच तक्रार उमटली: जीलिबसीची २.१४ ही आवृत्ती सापडत नाही. दोन्हीकडे लिनक्सच होते. ग्रंथपाल बाईंनी मुकाट्याने जुनी वही पुन्हा उघडली आणि मी ओशाळलो.

प्रोग्राम लिहिणारा सगळेच स्वतः लिहीत नाही. फाइल उघडणे, अक्षरे छापणे, वेळ पाहणे ही नित्याची कामे ‘स्टँडर्ड लायब्ररी’ करते. लिनक्सवर सी भाषेसाठी बहुतेक ठिकाणी असते ती जीलिबसी. सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ आज्ञावलीपासून, प्रोग्राम बांधताना त्याची गाठ त्या संगणकावरच्या लायब्ररीशी पडते.

मग २.१४ चाच हट्ट का? त्यामागे एक हकिकत आहे. २०१० साली फेडोरा १४ ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांना फ्लॅश प्लेअरमधून आवाज बिघडलेला ऐकू येऊ लागला. फ्लॅश तेच होते, बदलली होती लायब्ररी. तिच्यातले ‘मेमकॉपी’ हे फंक्शन स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवते. वेग वाढावा म्हणून काही प्रोसेसरवर ते आता शेवटाकडून उतरवू लागले होते.

नाट्यगृहातल्या एका रांगेची कल्पना करा. सगळ्यांना एक खुर्ची डावीकडे सरकायचे आहे. डाव्या टोकापासून सुरुवात केली तर प्रत्येकाला रिकामी खुर्ची मिळते. उजवीकडून केली तर माणूस शेजाऱ्याच्या मांडीवरच बसेल. संगणकात आधीचा मजकूर पुसला जातो. म्हणूनच नियम असा, की दोन जागा एकमेकींवर येत असतील तर मेमकॉपी नको, ‘मेममूव्ह’ वापरा. फ्लॅशने तो पाळला नव्हता, पण जुन्या लायब्ररीत ते खपून जात होते.

चूक कोणाची, यावर बराच वाद झाला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्यांची बाजू घेतली: नियम काहीही असो, चालणारी गोष्ट बंद पडता कामा नये. शेवटी २०११ च्या २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला. ६४-बिट संगणकांवर जुन्या प्रोग्रामना जुने, सुरक्षित मेमकॉपी मिळेल आणि नव्याने बांधलेल्यांना नवे. त्यामुळे जुन्या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्राम सहसा नव्या लायब्ररीवर चालतो. उलटे होईलच असे नाही. माझे नेमके उलटे झाले होते.

उपाय सोपा निघाला. सोर्स कोड वाचनालयात नेला, त्याच जुन्या संगणकावर बांधला आणि प्रोग्राम चालू लागला.

मात्र बांधणी झाली म्हणजे काम झाले, असेही नाही. अल्पाइन लिनक्समध्ये मसल नावाची आटोपशीर लायब्ररी असते. जीलिबसीच्या काही खास सोयी तिच्यात नाहीत; त्यांवर विसंबलेला प्रोग्राम बांधतानाच अडतो. हे बरे, कारण चूक लगेच कळते. पण जीलिबसीवर प्रोग्राममधल्या प्रत्येक धाग्याला, म्हणजे थ्रेडला, सहसा ८ मेगाबाइट स्टॅक मिळतो, मसलमध्ये एरवी १२८ किलोबाइट. अशा ठिकाणी बांधणी निमूट पार पडते आणि प्रोग्राम ऐन कामात कोसळतो. म्हणून ज्या लायब्ररीवर चालवायचे, तिच्यावरच बांधावे आणि तिच्यावरच तपासावे.

माझ्या हाती सोर्स कोड होता, म्हणून एका दुपारीत निभावले. फ्लॅश वापरणाऱ्यांना तो मिळत नव्हता. स्वतः बांधून घेण्याची वाटच त्यांना बंद होती.

ग्रंथपाल बाईंनी देवघेवीची ती वही मात्र अजून टाकलेली नाही. मीही टाका म्हटलेले नाही.