जंत: गुळावरचा खोटा आळ

पोरगं रात्री दात खाऊ लागलं की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली आजी आधी गुळाचा डबा उंच ठेवते. दात खाणं हे जंतांचं खात्रीचं लक्षण नव्हे, आणि गोडाने जंत होतातही नाहीत. त्यांची अंडी माणसाच्या विष्ठेत असतात. गोल जंताची एक मादी दिवसाला २ लाखांच्या आसपास अंडी घालते. उघड्यावर पडलेली ही अंडी ओल्या मातीत २-३ आठवडे राहिली की न धुतलेल्या हातातून, कच्च्या भाजीतून पोटात जायला तयार होतात.

हात स्वच्छ धुणाऱ्यांनाही अंकुशकृमी सोडत नाही, कारण ती बहुधा पायातून येते. रोवणीच्या दिवसांत झुडपांआड, धुऱ्याच्या सावलीतल्या ओलसर मातीत तिच्या अळ्या असतात. अनवाणी पायाच्या कातडीतून त्या रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येतात, गिळल्या जातात आणि लहान आतड्याला चिकटून रक्त पितात. कृमी जेमतेम सेंटिमीटरभर. पण पुष्कळ झाल्या की माणूस पांढरा पडतो, त्याला धाप लागते. जंताची गोळी घेऊन ‘जंत पडलेच नाहीत’ म्हणणाऱ्याला एवढीशी कृमी दिसणार तरी कशी? मात्र झाडीपट्टीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, तेव्हा रक्त का कमी झालं ते तपासूनच ठरवावं.

डुकराचं मांस खात नाही म्हणून निर्धास्त राहणाराही चुकतो. मेंदूत गाठी करणारी अंडी मांसातून येत नाहीत, फीतकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात. शाकाहाऱ्यालाही त्यामुळे फिट येऊ शकते.

गोठ्यातला समज महागात पडतो. जंत होतील म्हणून वासराचं दूध तोडतात. यात अर्धं खरं आहे: टॉक्सोकॅरा जातीच्या जंताच्या अळ्या गाई-म्हशीच्या दुधातूनच वासरात येतात. पण थोडं पाजलं तरी त्या येतातच. उपाशी वासरू मात्र आणखी खंगतं आणि चीक न मिळाल्याने आजाराशी लढायची ताकदही गमावतं. पोटभर पाजा आणि पहिल्या २-३ आठवड्यांतच पशुवैद्यकाकडून जंताचं औषध द्या.

मुलांसाठी राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. ठरलेल्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. २ वर्षांपुढच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी. ती पोटातले जंत मारते, नवे अडवत नाही, म्हणून पुन्हा घ्यावी लागते. बांधीच्या चिखलात चप्पल टिकत नाही, हे ‘चप्पल घाला’ असा उपदेश करणाऱ्यांना कळायला हवं. खरा बंदोबस्त संडास वापरण्यात आहे. तोवर शाळेत, अंगणवाडीत मिळालेली गोळी घरी आणू देऊ नका, मुलांना तिथेच चावून खायला सांगा.