खिमाडचा मसाला, दारूविना

डिसेंबर आला की भुईगावच्या किनाऱ्यावरचा वारा बोचायला लागतो आणि गप्पांची गाडी नाताळच्या पेयांवर येते. मुंबई-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन घरांत सणसमारंभाला खिमाड व्हायचं. गावठी दारू, साखर, दालचिनी-लवंगेसारखे मसाले, आणि प्यायचं गरमागरम. गोची एवढीच, की महाराष्ट्रात दारूसाठी वय लागतं २५. मग विशीतल्या पब्लिकने नुसता वास घ्यायचा?

त्यावर उपाय म्हणजे मसाल्याचं सिरप. एक कप पाण्यात एक कप साखर विरघळवा. त्यात दालचिनीचा दोन इंची तुकडा, ५ ठेचलेल्या वेलच्या, ३ लवंगा आणि परसातल्या गवती चहाची ४ पाती टाका. मंद आचेवर ५ मिनिटं ठेवा, मग गॅस बंद करून अर्धा तास झाकून. मसाले अख्खेच हवेत, पूड टाकली तर सिरप गढूळ होतं. आणि लवंगेवर हात आखडता! मी पहिल्यांदा मूठभर टाकल्या, तर सिरपला थेट दातांच्या दवाखान्याचा वास.

गाळा, उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा. दोनेक आठवडे आरामात टिकतं.

दोन चमचे सिरप, अर्धं लिंबू, बर्फ, वर सोडा, झाला कॉलेजवाल्यांचा ग्लास. पंचविशी ओलांडलेल्यांनी त्यातच थोडी रम घालावी. आजीला द्यायचं असेल तर मात्र बर्फ-सोडा बाजूला ठेवा आणि गरम पाणी ओता. थंडगार खिमाड तिला पटायचं नाही.