पहिलं अक्षर लिही, मग टॅब दाब

दिवाळीत बेल्याला घरी गेलो होतो. बेला म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातलं सीमेवरचं गाव; पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. पाट्या तेलुगूत, घरात मराठी आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी, अशी इथल्या मुलांची तीन भाषांत कसरत चालते. माझी पुतणी मराठी माध्यमात शिकली, आता कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. एका रात्री लॅपटॉप मिटून ती म्हणाली, "काका, माह्याच्यानं नाही होत हे. सोडून देते मी."

खोदून विचारल्यावर कळलं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कमांड लिहिताना एक अक्षर चुकलं की 'कमांड नॉट फाउंड'. वर्गातल्या बाकीच्यांना सगळी स्पेलिंगं पाठ असतील, असं तिला वाटायचं.

मी म्हटलं, "पाठ कुणाला असतात? आम्ही टॅब दाबतो."

टर्मिनलमध्ये आपली कमांड वाचणारा प्रोग्राम म्हणजे शेल. त्यातला बॅश हा शेल १९८९ सालचा. कमांडची किंवा फाइलच्या नावाची पहिली अक्षरं लिहून टॅब दाबलं की तो उरलेलं पुरं करतो. पर्याय अनेक असतील, तर दोनदा टॅब दाबल्यावर यादी दाखवतो. स्वतः बनवलेल्या प्रोग्रामचे शब्दही त्याला शिकवता येतात. ही सोय २००० सालच्या २.०४ आवृत्तीपासून आहे.

पुतणीने घरच्या कापसाच्या हिशोबासाठी छोटा प्रोग्राम लिहिला होता. नाव 'हिशोब', त्याला 'जमा', 'खर्च', 'शिल्लक' हे शब्द कळायचे. हे लिहिणारी पोरगी म्हणते, मला जमत नाही!

होम फोल्डरमधल्या डॉट-बॅशआरसी या फाइलच्या शेवटी तिच्याकडून एकच ओळ लिहून घेतली:

कम्प्लीट -डब्ल्यू "जमा खर्च शिल्लक" हिशोब

यातला 'कम्प्लीट' हा शब्द छोट्या रोमन अक्षरांत आणि 'डब्ल्यू' मोठ्या लिपीत लिहायचा, बाकी मराठीच. फाइल सेव्ह केली, नवं टर्मिनल उघडलं. तिने 'हिशोब' लिहून जागा सोडली, 'ख' लिहिलं, टॅब दाबलं. समोर 'खर्च'! जोडाक्षर पडद्यावर जरा विस्कटलं होतं, पण काम चोख. ती कितीतरी वेळ नुसती टॅब दाबत बसली.

एक मात्र बजावून सांगितलं: टॅब शब्द पुरा करतो, तो बरोबर आहे की नाही हे सांगत नाही. विशेषतः फाइल पुसताना एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचायची.

परवा तिचा मेसेज आला. यादीत 'उधारी' हा चौथा शब्द तिने स्वतःच घातला होता. डिप्लोमा सोडण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

तुमच्या घरातही कुणी स्पेलिंगला घाबरून लॅपटॉप मिटत असेल, तर त्याला आधी टॅबची कळ दाखवा.