चाचणीत मागे पडलेले पोर आणि सुरूचा ऊस

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, हुमणी आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. गटवार मेळाव्यात उसाचे प्रश्न संपले, चहा आला, की हल्ली एखादा सभासद हळूच विचारतो, "साहेब, पोरगं फुटबॉल बरा खेळतंय, पण क्लबाच्या निवड चाचणीत घेतलं नाही. आता बूट माळ्यावर टाकायचे का?"

आपल्या भागाला हा खेळ नवा नाही. कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०१७ साली भारतात भरलेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. तेव्हा पोरांनी स्वप्न पाहण्यात गैर काही नाही. मात्र निवड कशी होते आणि तीत चूक कुठे राहते, हे पालकांना ठाऊक असलेले बरे.

लागणीची तारीख आधी विचारा

जुलैच्या मध्यावर लावलेला आडसाली ऊस आणि जानेवारीच्या मध्यावर लावलेला सुरू ऊस शेजारी-शेजारी आहेत असे समजा. पुढच्या जूनमध्ये बांधावर उभे राहून कोणी म्हणाला, "हा उंच, म्हणून हे बेणे चांगले, तो बुटका, म्हणून ते टाकाऊ", तर आपण त्याला हसू. एक अकरा महिन्यांचा, दुसरा पाच महिन्यांचा. आपला चिटबॉयसुद्धा लागणीची तारीख विचारल्याशिवाय नोंद घेत नाही.

पोरांच्या निवडीत मात्र नेमके हेच होते. वयोगट वर्षाचा असतो. १ जानेवारीला जन्मलेला आणि ३१ डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात धरला जातो. नऊ वर्षांच्या पोरांत जवळजवळ एका वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा नववा हिस्सा! थोरला उंच, धावायला जोरकस, धक्क्याला न हलणारा. निवडणारा त्यालाच 'गुणी' समजतो.

कॅनडात रॉजर बार्न्सली व सहकाऱ्यांनी १९८५ साली बर्फावरच्या हॉकीत ही गोष्ट दाखवून दिली. वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले पुष्कळ आणि अखेरीस जन्मलेली थोडी. पुढे फुटबॉलमध्येही तेच आढळले. बेल्जियमचा दाखला तर बोलका आहे. तेथे पूर्वी वयोगट १ ऑगस्टपासून मोजत, तेव्हा निवडलेल्यांत ऑगस्ट व त्यापुढच्या महिन्यांतली मुले जास्त. १९९७ पासून ही तारीख १ जानेवारी झाली आणि जानेवारी-फेब्रुवारीतली मुले जास्त दिसू लागली. देश तोच, खेळ तोच. बदलली ती फक्त नोंदवहीतली तारीख.

खत-पाणी कोणाला?

एवढ्यावर थांबत नाही. निवडलेल्याला चांगला प्रशिक्षक, रोजचा सराव, तगडे सामने मिळतात. राहिलेल्याला गावचे मैदान आणि मनातली खंत. म्हणजे वाढलेल्या सरीलाच खत-पाणी द्यायचे आणि वर्षाने म्हणायचे, "बघा, हीच सरी जोमदार निघाली." सुरुवातीला फरक वयाचा असतो, दोन-तीन वर्षांत तो खरोखरच खेळाचा होऊन बसतो.

इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबांच्या अकादम्यांत नऊ वर्षांखालील गटापासून मुलांची रीतसर नोंदणी होते. पुढे वेळोवेळी ठेवायचे की सोडायचे हे ठरते. तेथे वयोगट शाळेच्या वर्षाप्रमाणे १ सप्टेंबरपासून धरतात. हॅरी केनचा जन्म २८ जुलै १९९३ चा, म्हणजे गटातल्या शेंडेफळांपैकी. (आडनावाचा उच्चार उसाच्या इंग्रजी नावासारखाच, हा निव्वळ योगायोग!) आठव्या वर्षी आर्सेनल क्लबने त्याला घेतले आणि हंगामानंतर सोडून दिले. तो लहान क्लबात खेळत राहिला, अकराव्या वर्षी टॉटनहॅममध्ये गेला, पुढे चार क्लबांकडे उसनवारीवर पाठवला गेला. २०१८ च्या विश्वचषकात सर्वाधिक ६ गोल त्याचे होते आणि २०२३ साली तो इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. जेमी वार्डीला शेफिल्ड वेन्सडे क्लबने अंगाने लहान म्हणून काढले होते. २०१६ साली लेस्टर सिटीने इंग्लंडची लीग जिंकली तेव्हा तो त्यांचा पहिल्या फळीतला खेळाडू होता.

प्रत्येक सोडलेला पोरगा केन होतो, असे आम्ही म्हणत नाही. निवडलेल्यांतलेही फारच थोडे व्यावसायिक होतात. पण आठव्या-दहाव्या वर्षीचा नकार हा शेवटचा निकाल नव्हे, एवढे यातून नक्की दिसते.

यावर उपाय निघाले आहेत

एक, शरीराच्या वाढीप्रमाणे गट. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांतही एक तेराव्या वर्षी झपाट्याने वाढतो, दुसरा पंधराव्या. म्हणून २०१५ साली इंग्लंडमध्ये काही क्लबांनी मुलांची पूर्ण वाढीनंतरची उंची अंदाजून, तिच्या किती टक्के उंची आज झाली आहे त्यावरून गट पाडून सामने खेळवले. उशिरा वाढणाऱ्यांना आपले कसब दाखवता आले आणि लवकर वाढलेल्यांना नुसत्या ताकदीवर भागवता आले नाही.

दोन, याहून सोपा व बिनखर्चाचा. नेदरलँड्समधील २०१७ सालच्या अभ्यासात निवड करणाऱ्यांना मुलांच्या जन्मतारखा कागदावर दिल्या, तरी थोरल्यांकडचा कल गेला नाही. पण शर्टावरचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले, तेव्हा तो कल दिसेनासा झाला. क्रमांक डोळ्यांसमोर असतो, कागद खिशात जातो.

पालकांनी काय करावे?

१. चाचणीला जाण्यापूर्वी गटाची तारीख विचारावी. फुटबॉलमध्ये ती बहुधा १ जानेवारी असते. पोर गटात थोरले की धाकटे, हे मनाशी धरूनच निकालाकडे पाहावे.

२. नकार मिळाल्यास कारण नीट विचारावे. "अंगाने कमी" एवढेच उत्तर आले, तर ते आजचे उत्तर समजावे. चेंडू पायात कसा घेतो, दोन्ही पायांनी खेळतो का, चेंडू येण्याआधी मान वर करून बघतो का, हे खरे बेणे.

३. ज्याची निवड झाली त्याच्या आई-वडिलांनीही हुरळून जाऊ नये. आज उंचीवर निभावते, उद्या बाकीचे उंचीला येतील. शाळा सोडायला लावू नये.

४. दाखल्यावरची तारीख फिरवू नये. आपल्या पिढीत पुष्कळांचा जन्म मास्तरांनी '१ जून' लावला तो अडाणीपणाने. आता जाणूनबुजून वय लपवणे म्हणजे दुसऱ्याच्या पोराची जागा घेणे.

५. घरी परतल्यावर पोराला चारचौघांत टोमणे मारू नयेत. मैदान सुटते ते बहुतेक वेळा नकाराने नव्हे, घरच्या बोलण्याने.

गावोगावच्या तरुण मंडळांना आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आमची विनंती अशी, की येत्या चाचण्यांत पाठीवरचे क्रमांक जन्मतारखेच्या क्रमाने द्यावेत, एका दिवसाऐवजी दोन-तीन वेळा खेळ पाहावा, आणि राहिलेल्या मुलांची यादी फाडून न टाकता सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा बोलवावे. पैसा लागत नाही. आणि ज्या सभासदांच्या घरी बूट माळ्यावर गेले असतील, त्यांनी ते उतरवून पोराच्या हातात द्यावेत.